ओलावामापकच बिघडला तर? सॉफ्टवेअर तयार करताना घातलेल्या ‘जर-तर’ची गोष्ट

कापसाच्या हंगामात यवतमाळ, वणी, पांढरकवडा किंवा राळेगावच्या खरेदी केंद्रावर गेलात, तर गाड्यांच्या रांगेत एक यंत्र फिरताना दिसतं. सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा ग्रेडर ओलावामापक कापसात खुपसतो, आकडा बघतो आणि पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव. ८ ते १२ च्या मध्ये असेल तर जितके टक्के जास्त, तितके टक्के भावात कपात. १२ च्या वर गेला तर गाडी परत.

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. आकडा १० आला की तो ७,३७० रुपये ५८ पैशांवर येतो. शेतकऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असतो.

आता एक वेगळा प्रश्न. यंत्राची बॅटरी संपली आणि त्यानं काहीच दाखवलं नाही तर? कापूस कोरडा नाही असं धरून गाडी परत पाठवायची? की ओला आहे असं दिसलं नाही म्हणून पूर्ण भाव द्यायचा? दोन्ही चूक आहे हे कोणीही सांगेल. इथं उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. तपासच झालेला नाही. दुसरं यंत्र आणा, एवढंच त्यावरचं उत्तर.

माणसाला हे सहज कळतं. संगणकाला मात्र ते मुद्दाम शिकवावं लागतं, आणि शिकवलं नाही तर काय होतं याचं एक मोठं उदाहरण मार्च २०२४ मध्ये जगासमोर आलं. त्याकडे जाण्याआधी ‘बिल्ड स्क्रिप्ट’ म्हणजे काय ते पाहू.

कापूस ते गाठ, कोड ते ॲप

पऱ्हाटीवरून वेचलेला कापूस थेट सूतगिरणीत जात नाही. आधी जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, मग रुई दाबून गाठ बांधली जाते. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. प्रोग्रामर लिहितो तो सोर्स कोड. तो माणसाला वाचता येतो, पण फोनला किंवा संगणकाला तसाच चालवता येत नाही. कंपायलर त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो, लागणारे इतर तुकडे त्याला जोडले जातात आणि शेवटी एक पॅकेज बांधलं जातं. आपण डाउनलोड करतो ती ही गाठ. या सगळ्या प्रक्रियेला ‘बिल्ड’ म्हणतात.

मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हजारो फायली असतात. कुठली आधी, कुठली नंतर, कुणाला काय जोडायचं हे दर वेळी हातानं करणं शक्य नसतं. म्हणून ही कामं क्रमानं लिहून ठेवणारी एक फाइल असते. तीच बिल्ड स्क्रिप्ट. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ नावाचं साधन लिहिलं, ते याच कामासाठी. आज जवळपास पन्नास वर्षांनीही ते जगभर वापरात आहे. पुढे ऑटोकॉन्फ, अँट, सीमेक, ग्रेडल अशी बरीच साधनं आली.

मग यात अटी कुठून येतात? एकाच कोडमधून वेगवेगळ्या गाठी बांधायच्या असतात म्हणून. विंडोजसाठी एक, लिनक्ससाठी दुसरी. जुन्या फोनसाठी एक, नव्यासाठी दुसरी. चाचणीची प्रत वेगळी, लोकांच्या हाती जाणारी वेगळी. म्हणजे स्क्रिप्टमध्ये लिहावं लागतं: जर हे लिनक्स असेल तर ही फाइल घे, अन्यथा ती. जर या यंत्रावर अमुक सोय असेल तर तिचा वापर कर, नसेल तर तिच्याशिवाय चालव.

ऐकायला हे खरेदी केंद्रावरच्या नियमाइतकंच सोपं वाटतं. गोंधळ तपशिलात सुरू होतो.

‘नाही’ लिहिलं तरी ‘हो’ धरणारी यंत्रं

पहिला सापळा इतका जुना आहे की त्यात न पडलेला प्रोग्रामर सापडणं कठीण.

समजा, एका अर्जावर रकाना आहे: ‘सिंचनाची सोय’. कारकुनाला सांगितलंय, रकाना भरलेला असेल तर अर्ज बागायतीच्या गठ्ठ्यात टाक. एका शेतकऱ्यानं प्रामाणिकपणे तिथं ‘नाही’ असं लिहिलं. रकाना भरलेला आहे. अर्ज बागायतीत गेला.

अँट हे जावा भाषेसाठीचं बिल्ड साधन २००० साली लोकांसमोर आलं, आणि त्यात अट घालायची मूळ पद्धत अगदी या कारकुनासारखी होती. एखादं काम ‘जर’ या शब्दानं एखाद्या नावाला बांधायचं. ते नाव कुठं तरी ठरवलेलं असलं की काम होणार. त्याची किंमत काय आहे, हे बघितलंच जात नसे. ‘चाचणी = असत्य’ असं लिहून ठेवलं तरी ‘चाचणी’ हे नाव ठरवलेलं आहे, म्हणून चाचणीचं काम चालू. १.८ आवृत्तीपासून किंमत तपासायची सोय आली, पण जुनी पद्धतही तशीच राहिली, कारण हजारो जुन्या स्क्रिप्ट तिच्यावर अवलंबून होत्या.

हे एकट्या अँटचं नाही. मेकमध्ये ‘इफडेफ’ लिहिलं तर किंमत रिकामी नसणं एवढंच पाहिलं जातं. तिथं शून्य लिहा किंवा ‘नो’ लिहा, दोन्ही ‘आहे’ ठरतात. सी भाषेतलं ‘इफडेफ’ तर त्याहून उदार आहे, तिथं नाव नुसतं जाहीर केलेलं पुरतं. सीमेकनं उलटी वाट धरली. त्यात ‘ऑफ’, ‘नो’, ‘फॉल्स’, रिकामी जागा, शून्य या सगळ्यांना ‘नाही’ मानलं जातं. हे माणसाच्या बोलण्याच्या जास्त जवळ आहे. पण एक साधन सोडून दुसऱ्यात गेलेल्या माणसाची त्यामुळे हमखास फसगत होते.

अँटच्या रचनेत आणखी एक गंमत होती. मूळ साधनात ‘जर… अन्यथा…’ असं सरळ वाक्य लिहायची सोयच ठेवलेली नव्हती. बिल्ड फाइल म्हणजे कामांची यादी असावी, पूर्ण प्रोग्राम नसावा, असा त्यामागचा विचार. लोकांना ते पटलं नाही. ‘अँट-कॉन्ट्रिब’ नावाच्या बाहेरच्या जोडणीतून त्यांनी ती सोय मिळवलीच. माझ्या मते मूळ विचारात तथ्य होतं. अटींचं जंगल माजलं की बिल्ड स्क्रिप्ट हाच एक प्रोग्राम होतो, फरक इतकाच की त्याची चाचणी कोणी घेत नाही.

‘अन्यथा’ची फांदी

अट लिहिणाऱ्याचं सगळं लक्ष ‘जर’वर असतं. ‘अन्यथा’मध्ये कोण जाऊन पडतो, हे पाहायचं राहून जातं.

आपल्याकडच्या दोन कर्जमाफ्या शेजारी ठेवून बघा. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ होणार होती. ज्याची थकबाकी त्याहून जास्त, त्यानं वरची रक्कम भरायची, मग दीड लाख सरकार भरणार. म्हणजे ‘अन्यथा’ची फांदी होती, ती कठीण होती, पण कुठं तरी पोहोचत होती. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत मर्यादा दोन लाख झाली. एप्रिल २०१५ ते मार्च २०१९ या काळात घेतलेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकलेलं कर्ज, मुद्दल आणि व्याज धरून दोन लाखांपर्यंत असेल तर माफ. त्याहून जास्त असेल तर खातं अपात्र. दोन लाखांवर थोडं व्याज चढलेला माणूस आणि दहा लाख थकलेला माणूस एकाच फांदीवर. दोन्ही योजनांत ‘जर’ सारखाच दिसतो. फरक ‘अन्यथा’मध्ये आहे, आणि तो किती मोठा आहे हे यवतमाळसारख्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको.

सॉफ्टवेअरमध्येही तेच होतं. ‘जर लिनक्स असेल तर ही पद्धत, अन्यथा विंडोजची पद्धत’ असं कोणी तरी लिहून जातो. त्या दिवशी त्याच्यासमोर दोनच प्रकारचे संगणक असतात. वर्षभरानं मॅकवाला येतो. तो लिनक्स नाही, म्हणून स्क्रिप्ट त्याला विंडोजवाला समजते आणि भलत्याच ठिकाणी, भलताच दोष दाखवत कोसळते. त्याऐवजी तिन्ही फांद्या लिहाव्यात आणि शेवटी ‘यातलं काहीच नसेल तर थांब आणि तसं सांग’ अशी चौथी लिहावी. दोन ओळी जास्त लागतात, पुढचे दोन दिवस वाचतात.

काठावरच्या आकड्याचंही असंच. आठ टक्के म्हणजे आठ धरून की आठच्या आत? यंत्र १२.४ दाखवत असेल तर ते बारा समजायचं की बाराच्या वर? आवृत्त्यांच्या क्रमांकांत हा घोळ वारंवार होतो. नुसती अक्षरं ताडून पाहिली तर ‘१.१०’ ही आवृत्ती ‘१.९’ च्या आधीची ठरते, कारण पहिल्या टिंबानंतर एक हा नवाच्या आधी येतो. म्हणून आवृत्ती तपासणारी अट नेहमी आवृत्तीसाठी बनवलेल्या तुलनेनंच लिहायची असते. सीमेकमध्ये त्यासाठी वेगळे शब्दच आहेत.

एक टिंब

आता ओलावामापकाकडे परत येऊ.

एखाद्या यंत्रावर अमुक सोय आहे का, हे बिल्ड स्क्रिप्ट कशी ओळखते? यादी बघून ओळखणं भरवशाचं नसतं. १९९१ पासून ऑटोकॉन्फनं रूढ केलेली पद्धत जास्त हुशार आहे. त्या सोयीचा वापर करणारा चार ओळींचा छोटा प्रोग्राम लिहायचा आणि तो कंपाइल करून बघायचा. झाला तर सोय आहे. नाही झाला तर नाही. एखादं सॉफ्टवेअर स्वतः बांधताना पडद्यावर ‘चेकिंग फॉर…’ अशा ओळींची जी रांग धावते, ती हीच.

पण कंपाइल न होण्याची कारणं दोन असू शकतात. सोय नाही, हे एक. तो चार ओळींचा प्रोग्रामच चुकीचा लिहिलाय, हे दुसरं. स्क्रिप्टला यातला फरक कळत नाही. दोन्हींना ती ‘नाही’ म्हणते आणि गुपचूप पुढे जाते.

‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारं एक सॉफ्टवेअर. नाव फारसं कोणाला माहीत नाही, पण लिनक्सच्या जवळपास प्रत्येक संगणकावर ते असतं. लिनक्समध्ये ‘लँडलॉक’ नावाची एक सुरक्षेची सोय आहे. तिनं एखाद्या प्रोग्रामला स्वतःभोवती कुंपण घालून घेता येतं, म्हणजे तो फसवला गेला तरी त्याला बाकीच्या फायलींना हात लावता येत नाही. एक्सझेडच्या सीमेक स्क्रिप्टमध्ये अट होती: लँडलॉक असेल तर कुंपण घाल. त्यासाठी छोटा तपास-प्रोग्राम होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या तपासात एक बदल झाला आणि त्यात एका ओळीच्या सुरुवातीला एक टिंब आलं. पूर्णविराम. बाकी काही नाही.

सी भाषेत असं सुटं टिंब चालत नाही. त्यामुळे तो तपास-प्रोग्राम जगातल्या कुठल्याही यंत्रावर कंपाइल होणं शक्य नव्हतं. स्क्रिप्टनं प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर दिलं: लँडलॉक नाही. कुंपण कुठंच घातलं गेलं नाही. कुठलाही दोष दाखवला गेला नाही, बिल्ड व्यवस्थित पूर्ण झालं. बहुतेक लिनक्सवाले एक्सझेड सीमेकनं न बांधता ऑटोकॉन्फच्या वाटेनं बांधत, म्हणून या टिंबाचा प्रत्यक्ष फटका मर्यादित राहिला. पण पडद्यावर तो ठिपका पाहा. धुळीचा कण म्हणून पुसायला जाल.

ते टिंब हात चुकून पडलं नव्हतं. ३० मार्च २०२४ रोजी मूळ लेखक लासे कॉलिन यांनी ते काढलं, तेव्हा बदलाच्या नोंदीत ‘मुद्दाम बिघडवलेला तपास’ अशा अर्थाचेच शब्द वापरले. कारण एव्हाना त्याहून फार मोठी गोष्ट उघड झाली होती.

अटींच्या आडून आलेला मागचा दरवाजा

लासे कॉलिन हे फिनलंडचे. एक्सझेड ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकटे, बिनपगारी सांभाळत होते. २०२१ पासून ‘जिया तान’ या नावानं कोणी तरी मदत करू लागलं. काम नीट, बोलणं सौम्य. दरम्यान इतर काही नावांनी तक्रारी येऊ लागल्या की काम फार संथ चाललंय, दुसरा माणूस नेमा. हळूहळू जिया तानला आवृत्त्या प्रसिद्ध करायचे अधिकार मिळाले. या नावामागे कोण होतं, हे आजवर जाहीर झालेलं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० ही आवृत्ती आली, मार्चमध्ये ५.६.१. दोन्हींत मागचा दरवाजा होता. त्याचा खरा घातक भाग दोन चाचणी फायलींत दडवला होता. दाबलेल्या फायली हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी मुद्दाम खराब केलेल्या फायली लागतातच, त्यामुळे त्या निरर्थक दिसल्या तरी कोणाला शंका येत नाही. त्या फायली उघडून घातक तुकडा गाठीत मिसळण्याचं काम बिल्ड स्क्रिप्टकडे होतं. आणि ती एक ओळ सार्वजनिक कोडच्या भांडारात नव्हतीच. प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गाठोड्यात तेवढी घातलेली होती. भांडारातला कोड वाचणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसणार. गाठोडं घेऊन बिल्ड करणाऱ्याच्या घरात दरवाजा बसणार.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यात बोलका भाग म्हणजे त्यातल्या अटी. यंत्र ६४ बिटांचं इंटेल-एएमडी जातीचं आहे का? लिनक्स आहे का? कंपायलर जीसीसीच आहे का? जोडणीचं साधन ग्नूचंच आहे का? आणि शेवटी: हे बिल्ड डेबियनचं किंवा आरपीएमचं पॅकेज बांधण्यासाठी चाललंय का? यातली एकही अट चुकली, तर काहीही न करता, काहीही न बोलता बाहेर पडायचं.

या शेवटच्या अटीत चोराची सगळी अक्कल आहे. एखाद्या उत्सुक प्रोग्रामरनं घरी बसून एक्सझेड बांधून तपासलं तर त्याला काहीच सापडणार नाही. डेबियन किंवा फेडोरासारख्या मोठ्या वितरकांच्या कारखान्यात, जिथून लाखो संगणकांना गाठी जातात, तिथंच दरवाजा बसणार. गमतीनं बोलायचं तर, आजवर लिहिल्या गेलेल्या बिल्ड-अटींमधल्या या सगळ्यात काळजीपूर्वक लिहिलेल्या अटी असाव्यात. आपण मॅकवाल्याला विसरतो, यानं कोणालाही विसरलेलं नव्हतं.

दरवाजा उघडणार होता ‘एसएसएच’च्या वाटेनं. दूरच्या सर्व्हरवर काम करणारा प्रत्येक जण एसएसएचनं आत शिरतो. काही लिनक्स वितरकांनी एसएसएचला केलेल्या एका जोडणीमुळे एक्सझेडचा तुकडा तिथवर पोहोचत होता. ज्याच्याकडे विशिष्ट गुप्त किल्ली आहे, त्याला पासवर्डशिवाय सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. बँका, सरकारी सेवा, रुग्णालयं, विद्यापीठं, जगभरातल्या सर्व्हरांचा मोठा हिस्सा लिनक्सवर चालतो. या दोषाला सीव्हीई-२०२४-३०९४ हा क्रमांक मिळाला आणि गांभीर्य दहापैकी दहा.

पकडलं कोणी? अँड्रेस फ्रॉइंड यांनी. ते मायक्रोसॉफ्टमध्ये अभियंता आणि पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकसकांपैकी एक. वेगळ्याच कामासाठी वेग मोजत असताना त्यांना दिसलं की एसएसएचला आत घ्यायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्यांनी ते सोडून दिलं नाही. मागोवा घेत ते एक्सझेडपर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळं जाहीर केलं. तोवर बाधित आवृत्त्या फेडोराच्या चाचणी आवृत्तीत, डेबियनच्या चाचणी शाखेत, ओपनसूझ टम्बलवीडमध्ये पोहोचल्या होत्या. स्थिर आवृत्त्यांत अजून गेल्या नव्हत्या. उबुंटूनं २४.०४ ची चाचणी आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलून सगळी पॅकेजं नव्यानं बांधली.

मग अटी लिहायच्या कशा?

अट अजिबात नको, हे शक्य नसतं. पण प्रत्येक अटीची किंमत असते आणि ती झपाट्यानं वाढते. दहा ‘हो-नाही’ कळा असल्या की एकाच सॉफ्टवेअरची १,०२४ रूपं होतात. वीस कळा असल्या तर १०,४८,५७६. एक रूप बांधून तपासायला पाच मिनिटं धरली तर सगळी तपासायला जवळजवळ दहा वर्षं. लिनक्सच्या गाभ्यात अशा कळा दहा हजारांहून जास्त आहेत. तिथं सगळी रूपं तपासण्याचा विचारही कोणी करत नाही. कळा यदृच्छेनं दाबून जे रूप येईल ते बांधून बघायची सोय मात्र त्यांनी ठेवली आहे, आणि त्यातून दोष सापडतात.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: ही अट बिल्डच्या वेळी हवी, की सॉफ्टवेअर चालताना तपासली तरी चालेल? याचं मराठीतलं उत्तम उदाहरण फॉन्टचं आहे. राज्य सरकारच्या २००९ च्या प्रमाणित वर्णमालेत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ सांगितला आहे. हिंदीत या अक्षरांची वळणं वेगळी. रेड हॅट कंपनीनं खुल्या परवान्यानं दिलेल्या ‘लोहित’ मालेत पूर्वी मराठीसाठी वेगळा फॉन्ट बांधला जाई, म्हणजे ‘जर मराठी तर ही रूपं’ हा निर्णय बिल्डच्या वेळीच होई. पुढे देवनागरीच्या वेगवेगळ्या भाषांसाठी ‘लोहित देवनागरी’ हा एकच फॉन्ट ठेवला गेला. ओपनटाइप तंत्रात त्यासाठी सोय असते: दोन्ही रूपं एकाच फॉन्टमध्ये ठेवायची आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं नोंदवलेलं असेल तर मराठी रूप दाखवायचं. गाठी कमी झाल्या, देखभाल सोपी झाली. पण अट नाहीशी झाली नाही, ती नुसती जागा बदलून गेली. वेबपानावर भाषा नोंदवायला कोणी विसरलं की ‘अन्यथा’ची फांदी लागते आणि मराठी मजकूर हिंदी वळणात दिसतो. पुष्कळ मराठी संकेतस्थळांवर ‘ल’ आणि ‘श’ परके का वाटतात, याचं एक कारण हे.

दुसरी गोष्ट, ‘आपोआप ठरव’ हे उत्तर जपून वापरावं. मेसन नावाच्या नव्या बिल्ड साधनात प्रत्येक पर्यायी सोयीला तीन स्थिती देता येतात: चालू, बंद, आपोआप. ‘आपोआप’ असेल तर सापडली तर घे, नाही तर सोडून दे. ‘चालू’ असेल आणि सोय सापडली नाही, तर बिल्ड तिथंच थांबतं. घरी खेळून बघणाऱ्याला ‘आपोआप’ सोयीचं. पण लोकांच्या हाती जाणारी गाठ बांधताना, विशेषतः सुरक्षेच्या सोयींना, ‘चालू’च म्हणायचं. लँडलॉकची अट अशी ‘चालू’ ठेवलेली असती तर त्या टिंबानंतरचं पहिलंच बिल्ड अडलं असतं आणि कोणी तरी विचारलं असतं, का?

तिसरी गोष्ट फारच साधी आहे. बिल्डच्या शेवटी काय ठरलं ते छापावं. कुंपण: नाही. चाचणी: हो. कंपायलर: अमुक. काट्यावर वजन झालं की पावती मिळते, तशी. मागच्या वेळची पावती आणि आजची पावती शेजारी ठेवली की बदललेली ओळ लगेच डोळ्यात भरते. यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी आपल्या स्क्रिप्टमध्ये एवढी एक सवय लावून घेतली तरी पुढे नोकरीत तिचा उपयोग होईल. आणि तपास ‘नाही’ म्हणत असेल तर एकदा तरी मुद्दाम अशा यंत्रावर चालवून बघावा जिथं उत्तर ‘हो’ यायलाच हवं. कोरड्या कापसात खुपसूनही मापक आकडा दाखवत नसेल तर दोष कापसाचा नाही.

एक्सझेडची स्वच्छ केलेली ५.६.२ ही आवृत्ती २९ मे २०२४ रोजी आली, लासे कॉलिन यांच्याच हातून. तुमच्याकडे लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये एक्सझेडची आवृत्ती विचारून बघता येते. उत्तर ५.६.० किंवा ५.६.१ येत असेल तर ते यंत्र तातडीनं अद्ययावत करा. काही वितरकांनी क्रमांक तोच ठेवून आतला घातक भाग काढून टाकला होता, त्यामुळे नुसत्या क्रमांकावर न थांबता आपल्या वितरकाची सूचनाही वाचा.